मुतोंडोची गोड माती

३ मे

मुतोंडोच्या आयांनो, ही वही तुमच्यासाठी आहे. दरवर्षी पांढरी गाडी येते, तुमच्या लेकरांच्या बोटांना सुई टोचते, रक्त घेऊन राजधानीला, लुसाकाला निघून जाते, आणि त्या रक्तात काय सापडलं हे तुम्हाला कोणी कधी सांगत नाही. पोर का चिडतं, का अडखळतं, काल शिकवलेलं आज का विसरतं, असं विचारलंत की तुम्हालाच शिकवतात, हात धुवा. जणू तुमच्या हातांनीच खाणीने मागे टाकलेला हा शिशाच्या राखेचा डोंगर रचला! माझे वडील तांब्याच्या खाणीत कामगारांचे पुढारी होते. त्यांच्याकडून मला आवाज मिळाला, आणि सरकारी शिष्यवृत्तीतून रसायनशास्त्र. आता दोन्ही तुमच्या कामी यावेत. इथे जे सापडेल ते साध्या भाषेत लिहायचं आणि चर्चमधल्या बायकांच्या सभेत उभं राहून मोठ्याने वाचायचं, असं मी ठरवलं आहे. माझं नाव म्विला कासुबा.

आजचा दिवस मात्र भांडणाचा नाही. घर मिळालं! खाण चालू होती तेव्हाच्या साहेबांचं, लाल विटांचं. पुढे व्हरांडा, मागे दोन आंब्याची झाडं आणि त्यांच्या मधोमध एक वारूळ, स्वयंपाकघराच्या पत्र्यापेक्षाही उंच. माझा नवरा लुंबवे दार-एस-सलामच्या बंदरापर्यंत मालट्रक चालवतो. त्याने सामान उतरवलं आणि वारुळाकडे बघून म्हणाला, घरमालक आधीच राहायला आलेला दिसतोय, भाडं त्यालाच देत जा. पोटातलं बाळ चार महिन्यांचं आहे, आमचं पहिलं. त्यालाही मी सगळ्या खोल्या दाखवल्या.

दुपारी शेजारीण आली, मुंकोयोचं, म्हणजे मक्याच्या आंबूस पेयाचं, गार मडकं घेऊन. तिला इथे सगळे नाम्पुंडू म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झालेल्या बाईचं जुनं नाव आमच्यात कोणी घेत नाही, तेवढा तिचा मान. हसायला लागली की तिचे खांदे आधी हसतात. माझं पोट बघून तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, पोरी, या घराला फार वर्षांनी पोटुशी बाई मिळाली बघ.

९ मे

खाणीच्या जुन्या इस्पितळात जिथे पूर्वी एक्स-रे धुवायचे ती अंधारी खोली आता माझी प्रयोगशाळा आहे. अंधार मला हवाच होता.

आयांनो, मी काय बनवलं आहे ते सांगते. पाण्यात विरघळलेला धातू आयन होऊन हिंडतो, म्हणजे अंगावर विजेचा भार घेतलेला एकेकटा कण. माझा रेणू खेकड्यासारखा आहे, दोन नांग्यांचा. नांग्या रिकाम्या असल्या की तो अंधारात अंधारासारखाच. पण नांगीत शिशाचा आयन सापडला, की जांभळ्या दिव्याखाली हिरवागार उजळतो. जस्ताला तो भुलत नाही, हाडातल्या कॅल्शियमला भुलत नाही. हे भुलणं घालवण्यातच माझी सहा वर्षं गेली, कारण शिसं बहुरूपी आहे. ते कॅल्शियमचं सोंग घेतं आणि शरीर फसतं. हाडाचा माल समजून हाडात रचून ठेवतं. पुढे बाई गरोदर राहिली की तिची हाडं झिजून बाळाची हाडं होतात, आणि जपून ठेवलेलं शिसं बाळाकडे जातं. आयन मरत नाही. कुजत नाही. तो फक्त घर बदलतो.

रक्ततपासणीच्या कार्यक्रमाचे प्रमुख साकाला साहेब भेटले. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. राखेचा डोंगर पुन्हा गाळून उरलेलं जस्त काढणारी कंपनीच त्यांचा पगार देते, आणि माझाही. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही पाणी तपासा, पाण्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत. मला वाटलं, गंमत करताहेत. मी मोकळेपणाने हसले. ते हसले नाहीत.

१६ मे

डोहाळे सुरू झाले. नाम्पुंडू बाजारात माती विकते, बोटाएवढ्या लांब कांड्या करून, निखाऱ्यावर भाजलेल्या. आमच्यात गरोदर बाईने वारुळाची माती खाल्ली नाही तर सासू काळजीत पडते. माझ्या आईने खाल्ली, तिच्या आईने खाल्ली. वाळवी ती खोलातून वर आणते, पावसाचा नि पायांचा स्पर्श न झालेली, म्हणून ती स्वच्छ. नाम्पुंडूने एक कांडी हातावर ठेवली आणि म्हणाली, सहा वर्षं पुस्तकं खाल्लीस, आता माणसासारखं काहीतरी खा.

मी खूप ठिकाणची माती खाल्ली आहे, पण अशी नाही. पहिल्या पावसासारखा वास सगळ्याच मातीला येतो. ही गोड लागते. जिभेवर विरघळते आणि मागे पिकलेल्या फळाची चव ठेवते. मी लाजत दुसरी मागितली. नाम्पुंडू म्हणाली, गोड लागायचीच, मुतोंडोची आहे. तिने बांधून आणलेली अख्खी पुडी मला दिली.

तिच्या अंगणात तिची मुलगी चिते बसलेली असते. विशीची असेल. बोलत नाही, कोणाकडे बघत नाही, ओलं बोट मातीत बुडवून चोखत राहते. मी विचारलं, हिचं जुळं कुठे असतं? नाम्पुंडू म्हणाली, इथेच असतं की, आणि मडकं घासत राहिली.

२८ मे

शाळेतल्या मुलांचं रक्त तपासून झालं. एकही ताटली काळी राहिली नाही. अंधाऱ्या खोलीत मेजावर हिरव्या डोळ्यांचा कळप बसल्यासारखं दिसत होतं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

साकाला साहेबांना म्हटलं, आजच आयांना बोलावू. ते म्हणाले, आकडे आधी लुसाकाला जातात. मी विचारलं, आणि परत कधी येतात? ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही दोन जिवांच्या आहात, बसून बोला, रक्तदाब वाढेल. मी उभी राहूनच बोलले. दारात सफाईच्या बायका जमेपर्यंत बोलले. नंतर बाहेर पडले. पिशवीतली माती तोंडात टाकली तेव्हा कुठे शांत वाटलं.

बाळाने आज पहिल्यांदा लाथ मारली. माती गिळली त्याच क्षणी.

१४ जून

हे लिहायला मला लाज वाटते आहे, पण लिहिलंच पाहिजे.

अंधाऱ्या खोलीत काम करताना मी कांडी चघळत होते. एक ओला कण तोंडातून सुटून समोरच्या ताटलीत पडला. ताटलीत आम्ल घातलेलं, रेणूचं रिकामं द्रावण होतं. जांभळा दिवा चालू होता. त्या कणाभोवती आधी हिरवं कडं उमटलं, मग अख्खी ताटली पेटल्यासारखी झाली. शाळेतल्या कुठल्याही मुलाचं रक्त इतकं उजळलं नव्हतं.

मी पाणी तपासलं. धूळ, भाज्या, पोरांची नखं तपासली. आणि हे रोज चार वेळा तोंडात घालत होते, ते तपासायचं मला सुचलंच नाही! कारण आमच्या डोक्यात ती माती नाहीच. ते आयांचं खाणं आहे, औषध आहे, आजीचा हात आहे. गोडवा शिशाचाच असतो हे मला विद्यार्थिदशेपासून माहीत होतं. जुने रोमन लोक शिशाच्या भांड्यात द्राक्षरस आटवून गोड करायचे, त्यावर मी व्याख्यान दिलेलं आहे, टाळ्या घेतलेल्या आहेत. आणि नाम्पुंडूची माती गोड लागली तेव्हा मी दुसरी मागितली.

बस थांब्यावर लांबच्या गावाहून येणारी माती मिळते. ती आणून तपासली. ताटली काळी राहिली. म्हणजे दोष माती खाण्यात नाही; या मातीत आहे.

दुसरी पुडी उरली होती, ती सगळी कचऱ्यात टाकली. बाळा, मला माफ कर. आता नाही.

१५ जून

बाजारात गेले. नाम्पुंडूच्या पथारीपुढे उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या मातीत शिसं आहे, ही खाऊ नका, लेकरांना देऊ नका, हवीच असेल तर बस थांब्यावरची घ्या.

आधी हसल्या. टोमॅटोवाली म्हणाली, कालपर्यंत तर डॉक्टरीणबाई स्वतः बकऱ्यासारख्या चघळत होत्या. दुसरी म्हणाली, पुडी संपली असेल, म्हणून रुसली. मी दिवा आणि ताटली दाखवायला निघाले तर तिसरी म्हणाली, कंपनीच्या पगारावर कंपनीचा दिवा, तो आमचंच तोंड दाखवणार, डोंगर कसा दाखवेल? याच्यावर कोणी हसलं नाही. पाठीवर काहीतरी लागलं. मातीचं ढेकूळ.

नाम्पुंडू एकटी रागावली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतही नव्हती. माझ्या पोटाकडे बघत हळूच म्हणाली, तू टाकलीस, पण त्याला विचारलंस का?

१९ जून

साकाला साहेबांनी आज खुर्ची स्वतः पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, उत्तम शोध आहे डॉक्टर, आम्हाला हेच हवं होतं. बायकांची स्वतःची सवय! हे लिहा, सविस्तर लिहा, मी उद्या लुसाकाला घेऊन जातो.

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. डोंगर निर्दोष, कंपनी निर्दोष, तुम्ही दोषी. तुमच्या जिभा दोषी. मी विचारलं, वारुळात शिसं कुठून आलं, वाळवीने दुकानातून आणलं का? ते म्हणाले, भाषण नको. मी कागद फाडला आणि चहा तिथेच ठेवून निघाले.

आयांनो, ऐका. एका बाजूला तो, जो माझ्या खऱ्या शब्दांनी तुम्हाला मारू पाहतो. दुसऱ्या बाजूला तुम्ही, ज्यांनी माझ्या पाठीवर ढेकूळ मारलं. मी मध्ये आहे. मी तुमचीच आहे. मी सिद्ध करते, ही माती कुठली आणि तिच्यात हे कुठून येतं.

२ जुलै

सापडलं. फार लांब जावं लागलं नाही.

सकाळी जरा लवकर घरी परतले तर नाम्पुंडू माझ्या मागच्या अंगणात, आंब्याच्या झाडांमध्ये, गुडघ्यांवर बसून वारुळाच्या पोटात हात घालून माती काढत होती. चिते शेजारी बसली होती, गाल भरलेले. नाम्पुंडू दचकली नाही. म्हणाली, ये पोरी, बस. ही माती मी बाजारात सगळ्यांना देते, पण सगळ्यात आतली फक्त तुझ्यासाठी ठेवत होते.

मी ओरडले, माझ्या बाळाला विष का दिलंस? तिने हात झटकले आणि एखाद्या मुलीला समजवावं तसं सांगितलं. खाणीच्या या वस्तीत जे मूल चालायला लागायच्या आधी जातं, त्याला दफनभूमीत नेत नाहीत. मोठ्या मेलेल्यांमध्ये ते घाबरेल. त्याला वारुळाच्या मुळाशी ठेवतात. वाळवी त्याला मऊ करून वर आणते. मग पोटुशी बाई ती माती खाते आणि मुलाला वाट सापडते. अशीच आमची मुलं परत येतात, ती म्हणाली, तुला काय वाटलं, आम्ही मातीच्या चवीसाठी माती खातो?

मी विचारलं, यात कोण आहे?

ती म्हणाली, सगळ्यांची आहेत. या गावात मुलं खूप जातात, तूच सांगतेस ना? पण आत, मधोमध, माझा आहे. चितेच्या मागोमाग आलेला, तिचा जुळा. रांगायला लागला होता. माझं पोट तर आता बंद झालं.

७ जुलै

डोकं थंड ठेवून काम केलं. राखेच्या डोंगराची धूळ वाऱ्याने येते, तेव्हा वारुळाचा बाहेरचा थर जास्त उजळायला हवा आणि आतला कमी. मी बाहेरून आतपर्यंत नमुने काढले.

उलटं आहे. बाहेरची माती मंद. जसजसं आत जावं तसतशी ताटली उजळत जाते. मधली माती इतकी उजळते की दिवा विझवल्यावरही ती मला दिसतच राहिली. तसं होत नाही, होऊ शकत नाही.

म्हणजे ते वरून येत नाही. खालून येतं. लेकरांच्या हाडांतून. डोंगराने आईच्या हाडात भरलं, आईने बाळाला दिलं, बाळ गेलं, वाळवीने वर आणलं, आईने खाल्लं. पुन्हा. किती पिढ्या? आयन मरत नाही, मीच लिहिलं होतं वर. तेच शिसं, तीच मुलं. कंपनीने तुमची मुलं एकदाच मारली नाहीत, बायांनो!

आणि त्या आतल्या मातीची एक पुडी मी संपवली आहे.

११ जुलै

महिना होत आला, मी मातीला शिवलेली नाही. पण तोंडाला सारखं पाणी सुटतं. मक्याच्या पिठाची शिमा बेचव, मासळी बेचव. भिंतीच्या पोपड्याकडे बघत बसते. हे शरीराचं मागणं आहे, मला त्याचं शास्त्र माहीत आहे. ते शास्त्र मी मोठ्याने स्वतःला सांगते.

बाळ हलत नाही. कालही नाही.

आज सकाळी उशीवर मातीचा ओला गोळा होता.

१३ जुलै

पुन्हा. आज खिडकीत, आणि माझ्या चपलेत. कड्या आतून लावलेल्या होत्या. नाम्पुंडूकडे जाऊन भांडले. ती म्हणाली, मी कशाला येऊ तुझ्या घरात, आता कोणाला आणून द्यायची गरज राहिली आहे का?

बाळ आज जोरात हललं. मी आनंदाने रडले. मग आरशात दात दिसले. दातांच्या फटी तपकिरी होत्या.

१७ जुलै

हे नीट लिहिते.

प्रयोगशाळेतून रेणूचं द्रावण आणलं, सिरका मिसळून घरभर फवारलं. भर दुपारी सगळ्या खिडक्यांवर घोंगड्या लावल्या आणि जांभळा दिवा पेटवला. चोर कोण ते बघायचं होतं.

मागच्या दारापासून माझ्या पलंगापर्यंत हिरवी पावलं होती. अनवाणी. पलंगापासून परत दारापर्यंत. खूप वेळा, एकावर एक. मी त्यातल्या एकावर पाऊल ठेवलं. अंगठा अंगठ्यावर बसला, टाच टाचेवर.

मीच आहे. झोपेत मीच जाते.

इथवर मला समजतं. इथवर शास्त्र आहे.

पण माझ्या पावलांच्या बाजूने आणखी काही होतं. छोटे तळवे. छोटे गुडघे. रांगत आल्याच्या खुणा. त्या फक्त आत येतात. पलंगापर्यंत येतात, माझ्या झोपायच्या बाजूला, आणि मग नाहीत. परत गेलेल्या नाहीत.

२४ जुलै

दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी लाकडी नळी पोटाला लावली, सरकवली, पुन्हा लावली. मेमध्ये याच बाईंनी एकच ठोका ऐकला होता, एकच बाळ म्हणाल्या होत्या. आज त्यांनी दुसऱ्या नर्सला बोलावलं. दोघी हसायला लागल्या. म्हणाल्या, अभिनंदन, मागच्या खेपेला एक लपून बसलं होतं वाटतं.

दोन ठोके. मलाही ते नळीशिवाय, आतून ऐकू आले. एक भराभर, चिमणीसारखा. दुसरा सावकाश. जड. जमिनीखालून येणाऱ्या कुदळीसारखा.

दवाखान्याच्या फाटकात टोमॅटोवाली भेटली, तीच, जिने मला बकरी म्हटलं होतं. मोठ्यांना मान द्यावा तशी गुडघ्यात वाकली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, कशा आहात, नाम्पुंडू?

मी तिला काही सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

३० जुलै

लुंबवेला फोन केला, म्हटलं, ये, मला इथून ने. तो सीमेवर ट्रकच्या रांगेत अडकला आहे. म्हणाला, जुळी? अगं मग मोठा पाळणा लागेल! मी रडायला लागले तेव्हा घाबरला. म्हणाला, दहा तारखेच्या रविवारपर्यंत कसंही करून येतो, तोवर दार लाव आणि काही खाऊ नकोस त्यांच्या हातचं.

त्यांच्या हातचं मी खात नाही, लुंबवे.

साकाला साहेबांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं. चौकीदाराकडून निरोप: बाईंची तब्येत बरी नाही, त्यांनी घरी राहावं. दिवा माझ्यापाशी आहे. एवढं चुकले ते.

४ ऑगस्ट

हात पलंगाला बांधून झोपते. सकाळी दोरी कुरतडलेली.

प्रयोग केला. माझ्यावरच. नाही खाल्लं तर भराभर ठोका मंद होतो. माझ्या बाळाचा. जड ठोका तसाच राहतो, घाई नाही त्याला. खाल्लं की चिमणी पुन्हा — तीन वेळा करून बघितलं. तीनही वेळा तसंच.

म्हणजे तो दुसरा माझ्या बाळाला धरून आहे. ओलीस. मी जेवढं त्याला देते तेवढंच तो सोडतो.

७ ऑगस्ट

नाम्पुंडू व्हरांड्यात बसलेली असते आता. चितेला घेऊन. गाणं म्हणत नाही, बोलत नाही. चिते माझ्या पोटाकडे बघते. ती कधी कोणाकडे बघत नव्हती. आज ती हसली. तोंडात माती होती.

मी दारातून ओरडून म्हटलं, तुझ्या मुलाला मी जन्म देणार नाही. नाम्पुंडू म्हणाली, तू देतेस, पोरी. तू फक्त वाट आहेस. तुझाही राहील, भिऊ नकोस, दोघांना पुरेल एवढं दूध येईल तुला. आणि मग अगदी प्रेमाने, हे तिने प्रेमाने म्हटलं, आयांनो — राहिला नाही तर त्यालाही इथेच ठेवू. परत येईल. सगळे येतात.

९ ऑगस्ट

पोटावर द्रावण लावून दिवा धरला.

आतून. आतून हिरवा तळवा. टेकलेला.

बोटं मिटली. उघडली.

शेजारी काही लहानसं, अंधारं, दूर सरकलेलं. ते माझं. ते उजळत नाही. अजून उजळत नाही. अजून —

१० ऑगस्ट

रविवार. ट्रक नाही. चर्चची घंटा झाली. तुम्ही सगळ्या तिथे जमला असाल. मी उभी राहून वाचणार होते हे. दाराबाहेर नाम्पुंडू आहे. खिडकीतून वही टाकेन. कोणीतरी वाचा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं.

ऐका. तुमचं दुःख मला कळतं. मूल परत यावं असं कोणाला वाटत नाही? पण जे परत येतं ते तुमचं मूल नाही. डोंगर आहे तो. तुमच्या मुलाचं हाड घालून तो आत शिरतो, आणि शेजारच्याला बाहेर — चितेकडे बघा. चिते अशी जन्मली नव्हती. तिच्या आईनेही तेव्हा खाल्लं होतं. कोणाचं तरी. त्याच्या आधी कोणी —

चिमणी मंद झाली आहे. फार मंद.

कंपनीशी उद्या भांडा. साकालाशी उद्या. वारूळ उद्या खणा. आज एकच करा. एकच मागते. आत्ता, हे ऐकता ऐकता, जिच्या तोंडात ती माती आहे तिने ती थुंकावी. गिळू नका. शेजारणीकडे बघू नका. थुंका, बायांनो, थुंका!

मीही थुंकते. तुमच्याबरोबर. फक्त हा एवढा तोंडातला घास संपला की —